मुका टॅपेट

कानवाल्या मिस्त्रीच्या हातात गेज कुणी कधी पाहिला नव्हता. बाकीचे मिस्त्री व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची फट मोजायला पातळ पट्टी आत सरकवतात. हा गडी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. दूध नासलंय का बघणाऱ्या बाईसारखा चेहरा करून म्हणायचा, "दोन नंबर घट्ट झालाय." खोलून बघावं, तर दोन नंबरच घट्ट. त्याच्यावरून नाव पडलं ते पडलंच.

वाऱ्यावर थंड होणारी, मागे बसवलेली जुनी इंजिनं हा त्याचा खास प्रांत. ना पाणी, ना रेडिएटर, नुसता पंखा आणि पत्रा. "टॅपेट बोलका असावा," तो सांगायचा. "टकटक करतोय तोवर तो शहाणा. मुका झाला की फट बुजली, व्हॉल्व्ह तापून लांबायला लागला, त्याची मान बारीक झाली. मग तो कधी मुंडकं टाकेल, नेम नाही."

हे सगळं खरं होतं. फक्त मिस्त्रीचा कान आता तो राहिला नव्हता.

आधी चिमण्या गेल्या. मग चमचा पडल्याचा आवाज गेला. मग बायकोच्या वाक्यांची शेपटं गेली. जाड आवाज यायचे, बारीक आवाज कुठेतरी वाटेत मरायचे. त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. बायकोला वाटायचं, म्हातारा मुद्दाम आडमुठेपणा करतोय. तिनं दोनदा हाक मारून तिसऱ्यांदा पाठीत लाटणं हाणायला सुरुवात केली होती.

त्यातच लेकीची बदली झाली. ती नर्स. नवं हॉस्पिटल घाटापलीकडे. पदरात लहान पोर, नवरा कामानिमित्त लांब. ती म्हणाली, "बाबा, शेडमागची ती गोल पाठीची गाडी आहे ना, कोंबड्या अंडी घालतात ती. ती मला करून द्या."

"ती घाट चढायची नाही. बैल परवडला."

"मग तिला चढायला शिकवा. मिस्त्री कशाला झालात?"

मिस्त्रीनं कोंबड्या हाकलल्या आणि इंजिन खाली उतरवलं. मूळचे सिलिंडर लहान होते. भंगारवाल्याकडे बसून, त्याचा चहा पिऊन, त्यालाच शिव्या घालून त्यानं मोठे पिस्टन-सिलिंडर मिळवले. क्रँककेस त्या मापानं कातून घेतली. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा मोठा ऑइल कूलर बसवला. पंख्याभोवतीचे कुजलेले पत्रे डब्यांचे पत्रे जोडून सांधले. लेक आणि नात बसणार, तेव्हा हात ढिला सोडायची सोयच नव्हती. शेवटी धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह राहिले. ते बाहेरून मागवावे लागत, आणि महाग. त्यानं जुनेच पेस्ट लावून घासले, उजेडात धरून फिरवून पाहिले. चकचकीत दिसले.

"एवढं सगळं केलंत, आणि या चार टिकल्या तेवढ्या जुन्या?" बायको म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळत. म्हणून तर विचारते."

त्यातला तीन नंबर त्यालाही खटकत होता. या इंजिनात तीन नंबरच्या पुढ्यात ऑइल कूलर उभा असतो, त्याला येतो तो उष्टा, गरम वारा. तापतो तोच पहिला. म्हणून मिस्त्रीनं तिथली फट मुद्दाम जरा जास्त ठेवली. पहिल्यांदा चाबी फिरवली, तेव्हा त्या एका टॅपेटनं सगळं घर डोक्यावर घेतलं. टक, टक, टक! मिस्त्रीनं मूठ हाडाला लावली. आलं, ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला.

लेक रोज संध्याकाळी गाडी फिरवून आणायला लागली. मिस्त्री रोज स्क्रू ड्रायव्हर लावायचा. टकटक बारीक होत गेली. एके दिवशी आलीच नाही.

तो बराच वेळ वाकून उभा राहिला. मूठ इकडून तिकडून दाबली. इंजिनाची घरघर होती, पंख्याचा घोंगाट होता. टकटक नव्हती. त्याला शंका आली ती इंजिनाची नव्हे, स्वतःच्या कानाची. 'तीही गेली,' त्याला वाटलं. 'चिमण्यांच्या वाटेनं टॅपेटही गेला.'

गेज ड्रॉवरमध्ये गंजत पडला होता. काढला असता, तर क्षणात निकाल लागला असता. पण शेडसमोर चार रिकामटेकडे कायम बसलेले. कानवाला मिस्त्री पट्टी घालून मोजतोय, ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली असती. आवाज येतो का म्हणून लेकीला विचारणं म्हणजे तर स्वतःच दवंडी पिटणं. त्यानं आडून विचारलं, "कशी वाटते गाडी?"

"मखमल, बाबा."

त्यानं ड्रॉवर उघडलाच नाही.

सकाळी लेक निघाली. मागच्या काचेतून नात हात हलवत होती. गाडी वळणाआड गेली आणि बायको पदराला हात पुसत म्हणाली, "बरं झालं बाई, ती टकटक तरी गेली. डोकं उठवलं होतं मेलीनं."

मिस्त्री जागच्या जागी थिजला. "काय गेली?"

"टकटक हो! आधी केवढी वाजायची. दोन दिवस झाले, चिडीचूप. तुम्हीच बंद केलीत ना?"

तो फोनकडे धावला. लेक गाडी चालवताना फोन उचलत नाही. त्यानंच तशी शिस्त लावली होती. फोन वाजत राहिला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा. चुलीवरचं करपलं तरी बायको हलली नाही.

शेवटी तिकडूनच फोन आला. त्यानं कानाला लावला. आत वारा घुमल्यासारखं काहीतरी, आणि त्यात लेकीचा आवाज तुकड्यातुकड्यांत. एक शब्द लागेना.

त्यानं फोन बायकोपुढे धरला. "तू ऐक. मला ऐकू येत नाही."

तिनं त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि ऐकलं. "चढावर मागं धडाका झाला म्हणते. गाडी जाम. उलटी घसरली. मागचा ट्रक वेळेवर थांबला... पोर बरी आहे. दोघी बऱ्या आहेत. चाकाला दगड लावलेत."

मिस्त्रीनं गाडी ओढून आणायला माणूस धाडला.

दुपारी गाडी ओढून आणली. नात उतरताच म्हणाली, "आजोबा, गाडीचा दात पडला." त्यानं हेड खोललं. तीन नंबरच्या पिस्टनमध्ये व्हॉल्व्हचं मुंडकं बटणासारखं रुतलं होतं. तुटलेली मान सुईएवढी बारीक.

"अहो," बायको हळू बोलली, मग आठवून मोठ्यानं, "किती दिवस झाले असं ऐकू येत नाही?"

"वर्ष. जास्तही असेल."

"आणि या वर्षात किती इंजिनं कानानं पास केलीत?"

तेवढ्यात रस्त्यावरून तसल्याच इंजिनाची शाळेची व्हॅन आली, पोरांनी गच्च भरलेली. मिस्त्री हातातलं हेड टाकून तिच्यामागे पळाला, दोन्ही हात वर करून ओरडला.

ड्रायव्हरनं खिडकीतून हसून अंगठा दाखवला. "एक नंबर काम, मिस्त्री! आवाज म्हणून नाही!"

आणि व्हॅन घाटाच्या रस्त्याला लागली.