लेकीच्या मापाचं वल्हं

आमच्या थोरल्या भावोजींना जगातलं सगळं कळतं. आंब्याची फवारणी कळते, लोकांच्या मुलींची लग्नं कळतात, आणि गेल्या नाताळात समजलं की पॅडलबोर्डमधलंही कळतं. जळ्ळं मेलं ते कळणं!

माझी लेक नऊ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीपासून भाट्याच्या खाडीत फळीवर उभं राहून वल्हवायला शिकत होती. चार माणसांत तोंड न उघडणारी ही पोर, फळीवर चढली की मोठ्याने गाणी म्हणायची. मला तेवढंच हवं होतं. तिथले सर म्हणाले, "आता तिला स्वतःचं वल्हं घ्या. हलकं, बारीक दांड्याचं, लहान पात्याचं, लांबी कमी-जास्त करता येईल असं. वल्हं शेजारी उभं धरून हात वर केला की त्याची मूठ मनगटाशी आली पाहिजे." मी सगळं लिहून घेतलं. नवऱ्याने ते मुंबईला भावाला कळवलं. हा पहिला गाढवपणा.

भावोजी आले ते मोठ्या माणसाचं वल्हं घेऊन. अखंड ॲल्युमिनियमचा दांडा, पातं सुपाएवढं. वर मलाच म्हणतात, "अगं, वाढत्या अंगाची पोर ती. पुढे दहा वर्षं बघायला नको." आमच्याकडे गणवेशही असाच घेतात, दोन बोटं मोठा. पण गणवेश दुमडून शिवता येतो हो, वल्हं कुठे दुमडू?

रविवारी सगळी वरात भाट्याला. मूठ धरायला लेकीचा हात पार वर ताणलेला. चार फटके मारले की फळी गरकन फिरायची. खांदे भरून आले तशी ती मटकन खाली बसली. शेवटी सरांनी तिला दोरीने ओढत काठाला आणलं. भावोजी खो खो हसले. "हिला नाही जमायचं. ताकदच नाही अंगात. कॅरम खेळ म्हणावं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण थोरल्या दिरांना चारचौघांत, तेही पोरीसमोर, उलट बोलायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. लेक माझ्याकडे बघत होती. मी पिशवीत टॉवेल शोधत राहिले.

संध्याकाळी ती शेजारी खेळायला गेली आणि मी तोंड सोडलं. "वल्हं चुकीचं आणलंत तुम्ही, माझी पोर चुकीची नाही!" सासूबाई देवापुढून उठून आल्या. भावोजींचा चहा गार झाला. सकाळी तोंड फुगवून मुंबईला गेले. गेले तर गेले! नवरा म्हणाला, "जरा जास्तच बोललीस." त्यालाही दोन ऐकवल्या.

मग मी स्वतः सरांकडून बरोबर मापाचं वल्हं मागवलं. अंगणात लेकीला हात वर करायला लावला. मूठ बरोब्बर मनगटाशी. मला कोण आनंद! म्हटलं, "बघ, आता जमेल तुला."

तिने ते हळूच भिंतीला टेकवून ठेवलं. "नको आई. मला नाही जमत."

"कोण म्हणतं असं?"

"काका म्हणाले ना. तू तिथेच होतीस. तू कुठे नाही म्हणालीस?"