चढावरचा अर्धा फेरा

नझीह मुळात वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या पोटात दुखायचं, आणि तेही दर शुक्रवारी.

शुक्रवारी दमास्कसहून जबदानीच्या डोंगराकडे वाफेची जुनी गाडी सुटायची. स्टोव्ह, हुक्के, पोरंबाळं घेऊन अर्धं शहर तिच्यात कोंबून बसायचं. इंजिनात माणसं दोनच, आगवाला नझीह आणि चालक अबू हैसम. भट्टी सांभाळायची, वाफ धरायची, काजळी खायची ती नझीहने. खिडकीत बसून मिशांना पीळ देत मिरवायचं अबू हैसमने. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. अबू हैसमला लिहितावाचता येत होतं, तो परीक्षा देऊन चालक झाला. नझीह अंगठा उठवत भट्टीपाशीच राहिला, सव्वीस वर्षं.

डब्यांतून खिमा भरलेल्या किब्ब्यांची ताटं यायची ती ‘उस्तादांसाठी’, म्हणजे अबू हैसमसाठी. बाया पोरं उचलून द्यायच्या ती उस्तादांच्या मांडीवर. एकदा पेपरात फोटो आला, त्यात नझीहचं नुसतं कोपर. त्याची बायको समीहा ते कात्रण भिंतीवर लावून शेजारणींना सांगायची, “हे कोपर आमच्या ह्यांचं बरं का!” त्या दिवशी नझीह जेवला नाही.

आता अबू हैसम महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. तो ज्याचं नाव सुचवेल त्याला त्याची जागा, असं शेडच्या साहेबांनी ठरवलं होतं.

“सुचवेल आपल्या भाच्याला,” नझीह म्हणाला.

“मग तुम्ही विचारा की!” समीहा म्हणाली.

“मी? त्याच्यापुढे तोंड वेंगाडू?”

त्या शुक्रवारी ऐन-फीजा गावाच्या पुढे चढ लागला. एकीकडे कडा, दुसरीकडे खोल खाली बरदा नदी. मागच्या डब्यात टाळ्यांच्या ठेक्यावर अबू हैसमच्याच नावाचं गाणं चाललेलं. नझीहच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने भट्टीच्या तेलाची चावी हळूच अर्धा फेरा आवळली. आगवाला कोण हे लोकांना कुठे ठाऊक होतं? गाडी अडली की शोभा उस्तादाचीच होणार.

वाफ पडली. गाडी कण्हत कण्हत उभी राहिली.

अबू हैसम खाली उतरला. “मंडळी, चूक माझी! चढाचा अंदाज चुकला. म्हातारा झालो!”

लोक चिडतील तर शपथ! रुळांच्या कडेलाच सतरंज्या पडल्या, स्टोव्ह पेटले, कोणी दरबुका बडवायला घेतला. “उस्ताद, दर शुक्रवारी इथेच थांबवा!” ताटांवर ताटं आली. नझीह वरून बघत दात-ओठ खात होता.

अबू हैसम एक ताट घेऊन वर चढला. “खा.”

“भूक नाही.”

“चावी उघड आधी. वाफ धरायला वेळ लागेल.”

नझीहचा चेहरा उतरला. “तू बघितलंस?”

“बघायला कशाला हवं? सव्वीस वर्षांत या चढावर तुझी वाफ एकदाही पडली नाही. आज आपोआप पडेल होय?” अबू हैसम खाली बसला. “तुझ्या वाफेवर मी मिरवलो, बाबा. परवाच साहेबांना तुझं नाव सांगून आलो. म्हणाले, त्याला वाचता येत नाही. म्हटलं, मला तरी या डोंगरात काय वाचायला लागलं? तेव्हा कबूल झाले.”

नझीहने चावी उघडली. जागा मिळाली होती. आनंद झाला, पण टिकला नाही. अबू हैसम त्याच्यासाठी ताटातले चांगले किब्बे निवडून बाजूला काढत होता. आपण याच्या जागी असतो तर सगळ्या गाडीसमोर आगवाल्याचे वाभाडे काढले असते, हे नझीहला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मेला इथेही पुढेच गेला! इतका हेवा नझीहला सव्वीस वर्षांत कधी वाटला नव्हता.