अक्कांचा उजवा हात

भाकरी तव्यावर टाकली की अक्का उजवा हात हवेत दोन-तीनदा झटकत. हाताला पाणी लागलंय आणि ते निथळायचंय, असा. पाणी मात्र नसे. कुणी विचारलंच तर म्हणत, "मुंग्या आल्यात जरा. जातील आपोआप." आणि पुढचा उंडा घेत.

ही बीदरची गोष्ट, नव्वदीनंतरच्या वर्षांतली. मी उदगीरहून तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायला आले होते आणि स्टँडमागच्या खानावळीत दोन्ही वेळा जेवत होते. अक्का तिथं भाकरी करायच्या. गाव निंबर्गा, नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी. ताटात भाकरी टाकताना दटावायच्या, "कामून एकच? आईनं घरी एवढंच वाढलं का?" तुम्हीही अशा एखाद्या बाईच्या हातचं खाल्लं असेल. तिच्या हाताकडं पाहिलं असेलच असं नाही. मीही पाहिलं नव्हतं.

पुढं गावात कॉलेजं वाढली, खोल्या करून राहणारी पोरं वाढली. खानावळीत टेबलं वाढली, डबे सुरू झाले. भाकरी करणारी बाई मात्र एकच राहिली. पहाटे काठवटीपुढं बसलेल्या अक्का दुपारीच उठत आणि चार वाजता पुन्हा बसत.

आधी त्यांचा हात सकाळी आखडायचा आणि कामाला लागलं की मोकळा व्हायचा. मग मोकळा व्हायला वेळ लागू लागला. कोपरापासून मनगटापर्यंत ठणकायचं. त्या बाम चोळून वरून फडकं गच्च बांधत. काही महिन्यांनी ठणका कमी झाला तेव्हा त्या मला आनंदानं म्हणाल्या, "बरा व्हायलाय बघा हात." तो बधिर होत चालला होता.

एका रविवारी पाणी मागायला मी आत गेले. अक्का खुशीत होत्या. मुलीला कोहिनूर गावच्या एका चांगल्या घरातून मागणी आली होती, ते सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी भाकरी उलटली आणि बोटं तव्यावर तशीच टेकलेली राहिली. करपल्याचा वास आला.

"अक्का, हात!" मी ओरडले.

त्यांनी हात उचलून पाहिला. बोटाच्या टोकावर फोड येत होता. त्या कळवळल्या नाहीत. त्याचीच मला भीती वाटली.

त्यांनी दार लोटलं आणि माझा हात धरला. "बाई, कुनाला सांगू नका."

"अहो, भाजलंय तुम्हाला."

"भाजल्यालं कळंनाच झालंय. अंगठा आन् ही दोन बोटं." आवाज अगदी खाली गेला. "माझ्या मामाला असंच हुतं. चटका लागला तरी कळंना. महारोग निघाला. गावानं शेतात खोपटं घालून ठिवलं त्याला. त्याची भाकरी लांबून टाकायची. ते काम माझ्याकडं हुतं. नऊ वर्साची आसंन मी."

त्यांनी माझा धरलेला हात एकदम सोडला.

"पोरीचं लगीन मोडंल बाई. आन् एवढ्या लोकांला ह्याच हातानं खाऊ घालायले मी."

त्यानंतर मला दिसू लागलं. अक्का स्वतःचं ताट, पेला वेगळा ठेवत होत्या. मुलगी तेलाची बाटली घेऊन समोर बसली की म्हणत, "तूच घाल वेणी, मला काम हाय." मीही काही धीराची नव्हते. त्या आठवड्यात पोट बिघडल्याचं सांगून नुसता भात खाल्ला. खोलीचं दार लावून अंगावर कुठं चट्टा आहे का, शोधलं. अक्कांनी माझ्या ताटातला भात पाहिला आणि न दटावता वरण वाढलं. मला फार लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं.

अक्का नाकापर्यंत पदर ओढून बसल्या होत्या. कुणी ओळखीचं दिसलं की भिंतीकडं वळत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून कापसानं एकेक बोट तपासलं, सुई टोचून पाहिली, पाठ पाहिली. करंगळीला कळत होतं. चट्टा कुठंच नव्हता. मग मनगटावर टिचकी मारली, तशी अक्कांच्या बोटांत झिणझिणी गेली.

"हा महारोग नाही."

"आजून येकदा सांगा," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. मग समजावलं, "रोज तेच ते काम करून हाताच्या स्नायूंना बारीक बारीक इजा होते. विश्रांती मिळाली की भरून येते. तुमची भरायच्या आत तुम्ही पुन्हा थापायला बसता. मग स्नायू आखडतात, मनगटातून जाणाऱ्या त्यांच्या दोऱ्या सुजतात. तिथं जागा अरुंद. सुजेनं नस दाबली जाते, म्हणून बोटं बधिर." त्यांनी अक्कांचे दोन्ही तळवे शेजारी ठेवले. डाव्या अंगठ्याखाली मांसल उंचवटा होता, उजव्याखाली खळगा. "हात थांबवा. आजपासून."

अक्का हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. फाटकापाशी येऊन एकदम थबकल्या. "हात थांबल्यावर मला कोन ठिवील, बाई?"

लग्न होईपर्यंत त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेला मनगटाचा पट्टा घरीच बांधत. चार महिने त्या थापत राहिल्या, आणि मी गप्प राहिले. लग्न नीट पार पडलं. मग कलबुर्गीला ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, चटका कळू लागला, पण अंगठ्यात जोर आला नाही. खानावळीत दोन नव्या बायका बसल्या आणि अक्का लेकीकडं कोहिनूरला गेल्या.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेले. पुढं माझी बदली झाली, त्यामुळं ती भेट शेवटचीच. ओसरीवर तीन महिन्यांची नात झोपली होती.

"आईनं आजून येकदाबी उचललं न्हाई हिला," मुलगी म्हणाली.

"पडंल की माझ्या हातून," अक्का म्हणाल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी त्यांना भिंतीला टेकून पाय पसरायला लावलं. मुलीनं बाळ त्यांच्या मांडीवर आणलं. मी अक्कांच्या उजव्या हाताखाली माझा हात धरला.

"बाई, हात काढू नका बरं."

"नाही काढत."

बाळाचं डोकं त्यांच्या कोपराच्या खोबणीत टेकलं. अक्का श्वास रोखून बघत राहिल्या. बाळानं जांभई दिली, तशा गालातल्या गालात हसल्या आणि आपल्या हातांनी त्याला आणखी जवळ ओढलं. माझा हात मी केव्हाच काढून घेतला होता.