बिनदोराची नाव

नावाडी काठाला नाव लावताना कधी दोर बांधत नसे. उतारू पुढे चालू लागला की नाव मागे सरकते, म्हणून हाही त्याच्याबरोबर तेवढाच मागे चालत जाई आणि नाव जागची हलत नसे. या कसबाचा त्याला भारी तोरा.

आज लेकीची सासू पहिल्यांदाच येत होती. तो तिला पैलतीरावरून आणायला निघाला तेव्हा काठावरून बायको म्हणाली, "आज तरी दोर बांधा. विहीणबाई भिजल्या तर लेकीला जन्मभर ऐकावं लागेल."

"तू बघच," तो म्हणाला.

विहीणबाई अंगाने चांगल्या भरलेल्या, नावाडी काडीसारखा. नाव परत काठाला लागली. त्या पुढे आल्या, हा मागे गेला, तरी काठ दूर पळाला. दोघं जागेवर परतले तशी नावही परतली. विहीणबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"व्याही, तुम्ही कमी पडताय. माझी ट्रंक उचला आणि मग चला मागे."

ट्रंकेखाली वाकत तो मागे गेला, आणि विहीणबाई कोरड्या पायांनी उतरल्या.

मग ट्रंक घेऊन तो रुबाबात काठाकडे निघाला. पण आता मागे जायला कोणी नव्हतं. तो पुढे आला तशी नाव मागे गेली.

"दोर फेका इकडे," बायको म्हणाली. "आम्ही दोघी ओढतो."

त्याने मुकाट्याने फेकला.