आप्पांबरोबर आखलेलं सत्र

मी स्वभावानं संशयी. कुणी आपण होऊन चहा पाजला की माझ्या मनात पहिला विचार येतो, याचं काय काम अडलंय? त्यामुळे दौंडच्या शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागलो त्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधीच, गणिताचे थोरले शिक्षक मला म्हणाले की चला, सातवीचं पहिलं सत्र बसून आखू, तेव्हा माझे कान टवकारले. सुट्टीत कुणी फुकट काम करतं म्हणजे कुठंतरी पाणी मुरत असणार.

त्यांना सगळी शाळा आप्पा म्हणायची. ते पाटसकडचे, घरची शेती, आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन. मी शिरूरच्या मिशनच्या कंपाउंडात वाढलेला, सुताराचा मुलगा. दौंडात माझ्या बाजूनं बोलेल असं कुणी नव्हतं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे एप्रिलमध्ये ठरणार होतं. त्यात रुजू झालो त्याच दिवशी शिपायानं कानात सांगितलं होतं की आप्पांचा पुतण्या गणित घेऊन पदवीधर झालाय आणि घरी बसून आहे. आता अशा माणसानं सत्र आखायला बोलावलं तर मी काय समजायचं?

रिकाम्या वर्गात आम्ही समोरासमोर बसलो. आणे-पै जाऊन नवे पैसे आले होते, त्यामुळे जुन्या हिशेबांना लागणारे कितीतरी तास मोकळे झाले होते. त्या तासांत काय बसवायचं, हाच प्रश्न होता. आप्पांच्या मनात सगळं तयार होतं. आधी अपूर्णांक नीट घोटायचे, मग धन आणि ऋण संख्या, आणि दिवाळीच्या तोंडावर बीजगणित. दिवाळीच्या तोंडावरच दिपोटी, म्हणजे तपासणीला येणारे शिक्षण खात्याचे साहेब, शाळेत येतात हे मला ठाऊक होतं. म्हणजे सगळ्यांत अवघड भाग आणि तपासणी एकाच वेळी, आणि वर्ग माझा. मी मनात म्हटलं, वा आप्पा, सापळा झकास लावलाय. वरून मात्र मान डोलावली, कारण हंगामी माणसाला तेवढंच करता येतं.

ऋण संख्यांवर आमची पहिली ठिणगी पडली. दौंड म्हणजे जंक्शन, निम्मा वर्ग रेल्वे कॉलनीतला, तेव्हा मी ठरवलं होतं की गाडीचं उदाहरण घ्यायचं. गाडी उशिरा आली तर अधिक, वेळेआधी आली तर उणे, आणि राइट टाइम म्हणजे शून्य. मला ते इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा सांगितलं. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "गाडीचं नगा घेऊ, मास्तर. विहिरीच्या पायऱ्या घ्या. पाण्याच्या वर आन् पाण्याच्या खाली." का नको, ते त्यांनी सांगितलं नाही. मी समजलो, जळतायत. चांगलं उदाहरण सुचलं नाही की माणूस विहिरीत उतरतो. टाचणात, म्हणजे रोज काय शिकवायचं त्या टिपणात, मी त्यांच्यासमोर विहीर लिहिली आणि वर्गात गाडीच शिकवली.

पोरं खूष होती. हात वर, उत्तरं फटाफट. मग मी चाचणी घेतली. गाडी वीस मिनिटं लेट होती, वाटेत तिनं तीस मिनिटं भरून काढली, तर दौंडला ती किती लेट? मला उणे दहा हवं होतं. गोपाळवाडीकडून, नदीकडच्या वस्त्यांवरून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांनी तेच लिहिलं होतं. रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी मात्र एकजात शून्य लिहिलं होतं. हुशारांनीही शून्य आणि ढ पोरांनीही शून्यच.

माझं टाळकंच सरकलं. एवढ्या पोरांची चूक तंतोतंत सारखी होते? कॉपी म्हणावी तर ती वर्गभर विखुरलेली बसायची. मग आठवलं की आप्पा संध्याकाळी कॉलनीत शिकवणी घेतात. झालं, मला सगळी साखळी दिसली. त्यांनीच पोरांना चुकीचं पढवलं असणार, दिपोटींपुढे हा वर्ग तोंडघशी पडणार, आणि पुतण्या घरातून उठून थेट माझ्या खुर्चीत बसणार. त्या दुपारी मला डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात दरवाजा लावून विचारलं की हे शून्य तुम्हाला कुणी सांगितलं. मी आवाज चढवला. तेव्हा एका गार्डाची मुलगी उभी राहिली. घाबरलेली नव्हती, उलट मलाच समजावल्यासारखी बोलली.

"सर, आधी आली तरी गाडी टायमाआधी सोडत न्हाईत. हितंच उभी करून ठेवत्यात. आधी सोडली तर गार्डाला चार्जशीट मिळतं. मग ती राइट टाइमच सुटली की."

कॉलनीतल्या सगळ्या माना हलल्या. त्यांच्या घरी लेटवरून जेवणं लांबत होती, भांडणं होत होती. लेट ही त्यांची ओळखीची गोष्ट. उणे लेट मात्र त्यांच्या बापजन्मात कुणाच्या घरी आला नव्हता. मला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं, कारण आप्पांनी काहीही केलं नव्हतं. त्यांना ही पोरं ठाऊक होती, एवढंच.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि चाचणीचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. विहिरीपासून पुन्हा सुरू करा म्हणाले, आणि मग बीजगणिताचं सगळंच उलगडून दाखवलं. फळ्यावर पहिल्याच दिवशी क्ष काढायचा नाही. गावाकडचे बाप भांडायला येतात, अक्षरं मराठीच्या तासाला शिकवा म्हणतात. त्याऐवजी मुठीत चिंचोके धरायचे, टेबलावर तीन मांडायचे, सगळे मिळून अकरा आहेत म्हणायचं आणि मुठीत किती ते विचारायचं. पोरं मुठीला कंटाळली की मगच मुठीच्या जागी क्ष लिहायचा. पुढं पुढं आम्ही रोज बसू लागलो. कुठल्या दिवशी कुठलं उदाहरण, कुठं पोरं अडतात, अडली तर मागं किती जायचं, हे सगळं आप्पा सांगत आणि मी सुवाच्य अक्षरात टाचणात उतरवत असे. त्या दिवसांत मी शिरूरला घरी जाऊन वडिलांना सांगितलं की दौंडात मला एक माणूस भेटलाय. वडील म्हणाले, तुला? आणि रंधा बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

दिवाळीआधी दिपोटी आले. मागच्या बाकावर बसले. मी मूठ पुढे केली आणि तास कसा संपला ते माझं मलाच कळलं नाही. जाताना साहेबांनी मुख्याध्यापकांजवळ माझं कौतुक केलं. आप्पा दारात उभे होते, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी संशय घ्यायचा सोडला होता, आणि ते फार बरं वाटत होतं.

एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की संस्थेनं माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय. नाव ऐकायची गरजच नव्हती. माझी टाचणं शाळेची म्हणून कपाटात राहणार होती. पुतण्याला जूनमध्ये ती उघडून फक्त वाचायची होती.

आप्पा वर्गात फळा पुसत होते. मी दारातूनच विचारलं, हे तुम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं का? मला वाटलं, नाही म्हणतील, निदान खाली तरी बघतील. त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय. तुमच्यावाणी शिकवणारा मी हितं दुसरा बघितला न्हाई, मास्तर. तुमाला कुठंबी नोकरी मिळंल. त्याला न्हाई मिळायची."

मला भयंकर राग आला. अजूनही येतो. पण शिरूरच्या एसटीत बसल्यावर रागाच्या खाली आणखी काहीतरी सलत होतं, ते पार घोडनदीचा पूल येईपर्यंत मला उमगलं नाही. त्या माणसावर मी सगळ्या बाजूंनी संशय घेतला होता. त्याला माझं शिकवणं खरंच आवडत असेल, हा संशय मात्र मला कधी आला नव्हता.