पोपटांचं मडकं

तुर्भ्याला तेव्हा कारखाने नुकतेच येत होते. त्यातल्या एकात फिटर असलेला आमचा साताऱ्याकडचा शेजारी छोट्या रंगीत पोपटांची जोडी पाळायचा. पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्यात मादीनं अंडी घातली की त्याला धीर निघत नसे. आल्यागेल्याला हाताला धरून न्यायचा, "बघा, बघा, लवकर बघा!"

एका खेपेला पिल्लं निघाली. पण सततच्या डोकावण्यानं, हात लावण्यानं मादी बिथरली आणि तिनं पिल्लांना भरवणं सोडलं. त्यानं भिजवलेले राळ्याचे बारीक दाणे काडीनं भरवून पाहिले, तरी एकही जगलं नाही.

समोरची कोळीण मावशी म्हणाली, "किती येला सांगलं तुला, हात नको लावू."

त्याची खाली गेलेली मान मला बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं पिंजरा उचलून मावशीच्या दारात ठेवला. "तुमीच सांभाळा. माज्यानं ऱ्हावत न्हाई."

तिच्याकडे पुढची पिल्लं जगली. तिनं हौसेनं हाक मारली, "ये, बग ना."

तो दोन्ही हात पाठीमागे धरून उंबऱ्याबाहेरच थांबला. "नको मावशी," तो म्हणाला, "हितनं ऐकू येतंय."