क्रूसाची चौथी भुजा

सुलेखाला रिकामं बसणं कधी माहीतच नव्हतं. मेकॅनिकलची डिग्री घेतलेली ही बाई नवऱ्यामागून पुण्याहून जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला आली. नवरा मोटारींच्या कारखान्यात रुजू झाला, हिला मात्र मनासारखी नोकरी काही जमेना. मग तिनं घरीच शिवणयंत्र मांडलं आणि बघता बघता अख्ख्या इमारतीच्या पँटी तिच्याकडून आखूड होऊन जाऊ लागल्या. तिचं भरतकाम तर असं सुबक की बायका मुद्दाम उलटी बाजू बघायच्या.

२०१४च्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या इरेनाबाई गोर्स्का एक जुना निळा रुमाल घेऊन वर आल्या. मूळच्या पोलंडच्या, ऐंशीच्या पुढच्या. रुमालावर पिवळ्या रेशमानं घोड्याचा नाल भरलेला, नालात क्रूस. त्यांच्या सरदार घराण्याचं हे चिन्ह. जमीन गेली, वाडवडिलांचं घर गेलं, एकुलता मुलगाही गेला. उरला तो हा रुमाल आणि एक नात. तिचं लग्न ठरलं होतं.

"हात लावला तरी विरतो गं. तिच्यासाठी नव्या टेबलक्लॉथवर भरून दे. एवढी खूण तरी पुढं जाऊ दे," बाई म्हणाल्या.

क्रूसाला उजवी भुजा नव्हती. रेशीम झडलं असणार, असं सुलेखाला वाटलं. तिनं इंटरनेट धुंडाळलं. चिन्हाचं नाव यास्त्शेंब्येत्स! ते घेताना जीभ अडखळली, पण चित्र सापडलं, आणि त्यात क्रूस चांगला पूर्ण होता. शिवाय लग्नघरी खंडित वस्तू द्यायची? टवका उडालेली मूर्तीसुद्धा आपण देवघरात ठेवत नाही. तिनं हौसेनं चौथी भुजा भरली.

लग्नाच्या आदल्या दिवशी इरेनाबाईंनी कापड उलगडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, हे आमचं नाही."

"अहो फ्राउ गोर्स्का, पण चिन्ह तर असंच आहे ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! असं शेकडो घराण्यांचं आहे. नातं ना गोतं, तरी सगळे हाच नाल मिरवतात. म्हणून मग कुणी त्यात बाण घातला, कुणी तारा. आपलं घर ओळखू यावं म्हणून. आमच्यात ही उजवी भुजा नाही. का नाही, ते देव जाणे. पण माझ्या आईनं तो असाच भरला होता."

सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंकडे उरलेली एकच गोष्ट, तीही आपण दुरुस्त करून बसलो! नवं भरायला आता वेळ नव्हता. तिनं कात्री घेतली. लग्नाच्या कापडावरचा क्रूस आता स्वतःच मोडायचा होता. मनातल्या मनात क्षमा मागत तिनं एकेक टाका उसवला. भुजा गेली, पण तिच्या जागी सुईची भोकं उठून दिसू लागली.

"पाण्याचा हबका मारून इस्त्री करते, बुजतील," ती रडवेली होऊन म्हणाली.

इरेनाबाईंनी कापड तिच्याकडून काढून घेतलं आणि घडी घातली.

"राहू देत. नात विचारेल, ही भोकं कसली. मी सांगेन, वरच्या मजल्यावर भारतातली एक पोर राहते, तिला आमची तुटकी भुजा बघवली नाही."